खाणवाल्यांनी पाडलेली वाट

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘राखण’ हा विषय दिला आणि वर एक अट घातली. राखणीचं तत्त्वज्ञान नको. एखादी राखलेली जागा प्रत्यक्ष पाहून या आणि ती कोण, कशी राखतं ते लिहा. आधी डोळ्यांपुढे आल्या त्या आपल्या देवराया. पण तेव्हा माझा मुक्काम भाचीकडे होता, ॲडलेडला, आणि तिच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं: अर्करूला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगांच्या पार उत्तर टोकाला, ॲडलेडपासून सहाशे किलोमीटरच्याही पुढे, ६१० चौरस किलोमीटरचं खासगी अभयारण्य. मुंबई शहर आणि उपनगर जिल्हा मिळून होतं साधारण तेवढं. त्यात माणसांची वस्ती म्हणजे प्रवाशांसाठी बांधलेल्या काही खोल्या, तंबूंची जागा, पेट्रोलचा पंप आणि तिथं काम करणाऱ्यांची घरं.

नुसतं दूरचं आणि निर्जन असतं तर मी गेलेही नसते. मला ओढलं ते या जागेच्या इतिहासाने. हे डोंगर ग्रॅनाइटचे, आणि त्यांच्या पोटात तांबं आणि युरेनियम. दीडशे वर्षांत माणसांनी ते पुन्हा पुन्हा खणले आणि पुन्हा पुन्हा सोडून दिले. शेवटी ते राखायला जो उभा राहिला तो कुणी साधू-संन्यासी नव्हता. तो भूवैज्ञानिक होता, आणि जमिनीखालचं तेल, वायू, युरेनियम शोधून देणं हीच त्याची रोजीरोटी होती. खणणारे आणि राखणारे अशा दोन फळ्या मनाशी धरून आपण पर्यावरणाच्या बातम्या वाचतो. इथं त्या दोन फळ्या एकाच माणसात होत्या.

डांबर संपतं तिथून

हॉकर गाव मागे पडलं की शेती संपते. उजव्या हाताला डोंगरांची लांबच लांब भिंत आणि डाव्या हाताला सपाट माळ, असं तासन्तास चालतं. ली क्रीक हे एके काळचं कोळशाचं गाव. इथला कोळसा रेल्वेने पोर्ट ऑगस्टाच्या वीजकेंद्राला जायचा. २०१५ साली खाण बंद झाली, पुढच्या वर्षी वीजकेंद्रही. आखीव रस्ते, बागा, शाळा सगळं आहे, माणसं मात्र विरळ. भाचेजावयांनी इथंच टाकी काठोकाठ भरून घेतली आणि पाण्याचे दोन कॅन जास्तीचे ठेवले.

जवळच कॉपली आहे. तिथून पूर्वेला वळलं की डांबर संपतं आणि पुढचे सव्वाशेहून जास्त किलोमीटर मातीचा रस्ता. वळणावरच मोठा फलक असतो: कोणता रस्ता उघडा, कोणता बंद, कोणता फक्त फोर-व्हील गाड्यांना. वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पावसासाठी रस्ते बंद ठेवतात याचं मला आधी नवल वाटलं. मग कोरडे ओढे लागायला लागले. पूल कुठेच नाही. रस्ता सरळ ओढ्याच्या पात्रात उतरतो आणि समोरच्या काठावर चढतो. वर्षाचा पाऊस चार-दोन दिवसांत कोसळला की ही सगळी पात्रं एकदम वाहतात, आणि पाणी ओसरून ग्रेडर फिरेपर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

वाटेत नेपाबन्ना लागतं. हे अद्न्यामथना लोकांचं गाव. या डोंगरांचे मूळ रहिवासी तेच. मेंढपाळांच्या कुंपणांनी पाणवठ्यांवरून हुसकलेले हे लोक १९३०च्या सुमारास इथं मिशनच्या आश्रयाला स्थिरावले, आणि मिशन गेल्यावर गाव त्यांचंच राहिलं. फ्लिंडर्सच्या मोठ्या भूभागावरचा त्यांचा पारंपरिक हक्क ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने मान्य केला तो २००९ साली. पुढे रस्ता इटालोवी घळीतून जातो आणि दोन्ही बाजूंचे डोंगर एकदम जवळ येतात. माळ संपला, आता खडकाचं राज्य, हे तिथं कळतं.

गरम ग्रॅनाइट

आपण काळ्या पाषाणात वाढलेली माणसं. सह्याद्रीचा बसाल्ट हा आपल्याला ‘दगड’ म्हणून ठाऊक असलेला दगड. त्याचं वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. नांदेडकडे देगलूरला गेलं की गुलाबी ग्रॅनाइट दिसतो तेव्हा आपण जुन्या जमिनीवर आलो हे जाणवतं. अर्करूलातला जुना ग्रॅनाइट दीडशे कोटींहून अधिक वर्षांचा आहे. त्याच्यात घुसलेला नवा ग्रॅनाइट आहे, तोसुद्धा चाळीस कोटी वर्षांच्या पलीकडचा.

वस्तीजवळच पिनॅकल्स नावाचे दोन सुळके आहेत. सकाळी तिथवर चालत गेलो. पायथ्याशी पडलेल्या एका धोंड्याजवळ मी बसले आणि भिंग काढलं. भरपूर पाणी असलेला ग्रॅनाइटी रस जमिनीखाली थिजला की स्फटिक मोठे होतात. त्या खडकाला पेग्मटाइट म्हणतात. चिक्कीत शेंगदाणे दिसावेत तसे फेल्डस्पारचे फिकट गुलाबी तुकडे वेगवेगळे दिसत होते. मध्ये धुरकट काचेसारखा क्वार्ट्झ, आणि त्यात रुतलेल्या टूर्मलीनच्या काळ्याभोर कांड्या. एका कांडीवर उभ्या रेघा इतक्या स्पष्ट की नखाला लागत होत्या. तो धोंडा होता तिथंच ठेवला. इथून दगड न्यायला मनाई आहे आणि ती पाळली जाते.

या ग्रॅनाइटचा विशेष डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यात युरेनियम आणि थोरियम नेहमीच्या ग्रॅनाइटपेक्षा बरंच जास्त आहे. ही मूलद्रव्यं सावकाश विघटित होतात आणि होताना उष्णता सोडतात. एका धोंड्याची उष्णता हाताला कळणार नाही, पण मैलोगणती जाडीचा खडक कोट्यवधी वर्षं अशी ऊब सोडत राहिला की आसपासची जमीन खोलवर तापते, भेगांतून मुरलेलं पाणी तापतं, ते तापलेलं पाणी खडकातली द्रव्यं विरघळवून दुसरीकडे नेऊन टाकतं. माउंट गी नावाचा इथला डोंगर अशा गरम पाण्याने घडवलेल्या क्वार्ट्झ स्फटिकांचा आहे. तांबं, युरेनियम, फ्लोराइट यांचे साठे एवढ्याशा भूभागात का एकवटले, त्याचं मुख्य कारण हीच ऊब.

आणि ही जमीन अजून स्वस्थ नाही. फ्लिंडर्समध्ये लहान भूकंप वारंवार होतात. बहुतेक फक्त यंत्राला कळतात, काहींचा गडगडाट माणसालाही ऐकू येतो. अद्न्यामथना लोकांकडे त्याची कथा आहे. अर्करू नावाचा महासर्प डोंगरातून उतरला, पूर्वेच्या मैदानातलं फ्रोम सरोवराचं सगळं पाणी प्यायला, आणि जड पोटाने फरफटत परत वर गेला. त्याच्या अंगाच्या वळणांनी ओढ्याची घळ कोरली गेली. वाटेत थांबला तिथं तिथं पाणवठे झाले. तो अजून डोंगरात झोपला आहे आणि त्याचं पोट गुरगुरतं. फ्रोम सरोवर आज मिठाचं आहे, घळ तशीच वळणावळणांची आहे, आणि बारमाही पाणी कुठे मिळेल हेही ही कथा सांगते. पाणी, घळ आणि हादरे यांचा संबंध इथल्या माणसांनी फार पूर्वी जोडला होता. एका प्रदेशाचा इतका नेमका नकाशा मी दुसऱ्या कुठल्या कथेत पाहिलेला नाही.

तांब्याची भट्टी

गोऱ्या वसाहतकऱ्यांना इथं पहिल्यांदा हवं झालं ते तांबं. १८६०च्या दशकात युडनामुटाना इथं खाण सुरू झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियात तांब्याच्या खाणी म्हटलं की कॉर्नवॉलचे खाणकामगार आलेच; धातूची शीर कुठे वळेल याचा अंदाज बांधण्यात त्यांचा हातखंडा. खनिज चांगल्या प्रतीचं होतं. अडचण होती ती ते बंदरापर्यंत नेण्याची. बैलगाड्यांना शेकडो किलोमीटरचा रस्ता, आणि बैलाला रोज पाणी आणि चारा हवा. १८६४ ते ६६ या वर्षांत भयंकर दुष्काळ पडला. खनिज खाणीच्या तोंडाशी पडून राहिलं आणि वाहतूक थांबली.

याच दुष्काळाच्या शेवटी, १८६६ मध्ये, पोर्ट ऑगस्टाला शंभराहून अधिक उंट उतरले. टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने ते मागवले होते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटांबरोबर त्यांचे राखणदारही आले. सरसकट ‘अफगाण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसांत पठाण होते, बलुची होते, सिंधी आणि पंजाबीही होते. फ्लिंडर्सच्या पश्चिमेला बेल्टाना इथं उंटांचा तळ झाला आणि पुढची पन्नास-साठ वर्षं ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातली मालवाहतूक मोठ्या प्रमाणात याच माणसांच्या हातात राहिली. त्यांच्या वाट्याला आलेला मान मात्र तुटपुंजा. गावाच्या कडेला वेगळी वस्ती, वेगळी कबरस्तानं.

खनिज तसंच नेण्यापेक्षा जागेवर वितळवून तांबं न्यावं म्हणून १८७०च्या दशकात बोला बोलाना इथं भट्ट्या बांधल्या गेल्या. वस्तीपासून थोड्याच अंतरावर त्यांचे अवशेष आहेत. विटांची एक घुमटाकार भट्टी अजून जवळजवळ शाबूत उभी आहे. आत वाकून गेले तर डोक्यावर विटांची वर्तुळं लहान लहान होत गेलेली. चुना-सिमेंटचा भरवसा नसलेल्या जागी, जागच्याच मातीच्या विटा भाजून, कुणातरी गवंड्याने हा घुमट असा चढवला की तो दीडशे उन्हाळे टिकला. बाहेर मळीचे काळे, काचेसारखे तुकडे विखुरलेले आहेत आणि काहींवर तांब्याची हिरवी झाक. भट्टीला जळण लागायचं ते आसपासच्या झाडांचं. एवढ्या रुक्ष मुलखात वाढायला पिढ्या घेणारी झाडं किती गेली असतील, याचा अंदाज आजूबाजूच्या उघड्या टेकड्या पाहून येतो. ही भट्टी मला आवडली आणि तिने मला अस्वस्थही केलं.

हिरवा स्फटिक आणि एक प्राध्यापक

१९१०मध्ये ग्रीनवुड नावाच्या एका खनिजशोधकाने इथल्या माउंट पेंटर डोंगराजवळून काही नमुने ॲडलेडला पाठवले. ते पोचले डग्लस मॉसन यांच्या हातात. अंटार्क्टिकाचा शोधक म्हणून जगाला ठाऊक असलेले मॉसन ॲडलेड विद्यापीठात भूविज्ञान शिकवत आणि किरणोत्सारी खनिजं हा त्यांचा खास विषय होता. चार वर्षांपूर्वीच त्यांनी रेडियम हिल इथलं खनिज ओळखलं होतं. या नमुन्यातले हिरवेगार, पातळ चौकोनी पापुद्र्यांचे स्फटिक त्यांनी ओळखले: टॉर्बर्नाइट, म्हणजे तांबं आणि युरेनियमचं फॉस्फेट.

त्या काळी युरेनियमला कुणी विचारत नव्हतं. हवं होतं त्याच्याबरोबर अत्यल्प प्रमाणात सापडणारं रेडियम. कर्करोगावरच्या उपचारासाठी आणि अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्यांसाठी ते सोन्याच्या कितीतरी पट भावाने विकलं जाई. रेडियम रिज असं नाव मिळालेल्या तिथल्या एका धारेवर बोगदे खणले गेले. हाताने निवडलेलं खनिज पोत्यांत भरून उंटांवर लादायचं आणि डोंगर उतरून रेल्वेच्या ठाण्याकडे न्यायचं. १९२०च्या दशकात दुसऱ्या एका कंपनीने पुन्हा जोर लावला, ॲडलेडजवळ खनिजावर प्रक्रिया करणारा कारखानाही काढला. पण तोवर बेल्जियन काँगोतलं फार श्रीमंत खनिज बाजारात आलं होतं. भाव कोसळले आणि रेडियम रिजवर पुन्हा शुकशुकाट झाला.

तिसरी फेरी युद्धाची. १९४४ साली ब्रिटनने ऑस्ट्रेलियाकडे युरेनियमची गुपचूप विचारणा केली. कशासाठी, ते कामावरच्या बहुतेकांना सांगितलं गेलं नाही. या मोहिमेत नकाशे करायला आलेल्यांत मॉसन यांचा पंचविशीतला विद्यार्थी होता, रेज स्प्रिग. महिनोन्महिने त्याने हे डोंगर पायाखाली घातले. साठा अपेक्षेपेक्षा फार थोडा निघाला आणि काम गुंडाळलं गेलं.

स्प्रिग यांचं नाव विज्ञानात अजरामर झालं ते दोन वर्षांनी. १९४६मध्ये पश्चिमेकडच्या इडियाकारा टेकड्यांतल्या जुन्या खाणी पुन्हा चालवता येतील का हे बघायला गेले असताना त्यांना वालुकाश्मावर मऊ शरीराच्या प्राण्यांचे ठसे दिसले. इतके जुने प्राणी असू शकतात हे तेव्हाच्या तज्ज्ञांना पटेना. पुढे जगभर तसेच ठसे मिळाले आणि २००४ साली पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडालाच इडियाकारन हे नाव दिलं गेलं. सोडून दिलेल्या खाणी पाहायला गेलेल्या माणसाला प्राणिसृष्टीची सुरुवात सापडली.

चराईपट्ट्यावरचं अभयारण्य

स्प्रिग यांनी पुढे स्वतःची सल्लागार संस्था काढली, तेल आणि वायू शोधणाऱ्या कंपन्या उभ्या करण्यात भाग घेतला, १९६२मध्ये पत्नी ग्रिझेल्डा आणि दोन मुलांना घेऊन मोटारीतून सिम्पसन वाळवंट पार केलं. तसं करणारं ते पहिलं कुटुंब. पण माउंट पेंटरचे डोंगर त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. मॉसन यांनी विद्यार्थ्यांना सांगून ठेवलं होतं म्हणतात, की हा प्रदेश जपला पाहिजे. १९६८ साली स्प्रिग दांपत्याने अर्करूलाचा चराईपट्टा विकत घेतला.

चराईपट्टा हा शब्द इथं महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातली बरीचशी जमीन सरकारी आहे. तिच्यावर मेंढ्या-गुरं चारण्याचा हक्क दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळतो. स्प्रिग यांच्या हाती आला तो हा हक्क. त्यांनी मेंढ्या काढून टाकल्या आणि पुढची पंचवीसेक वर्षं, १९९४मध्ये निधन होईपर्यंत, उलटं काम केलं: मोकाट बकऱ्या, ससे, कोल्हे, मांजरं हटवणं. या साऱ्या प्राण्यांना युरोपीय माणसांनी आणलं होतं. बकऱ्या कातळकपारींतला पाला खातात आणि कपारींत राहणाऱ्या पिवळ्या पायांच्या रॉक-वॉलबीच्या तोंडचा घास जातो. कोल्हा तिची पिल्लं पळवतो. अद्न्यामथना लोक जिला अंडू म्हणतात ती ही वॉलबी. सुंदर कातड्यासाठी एकोणिसाव्या शतकात तिची बेसुमार शिकार झाली होती.

संध्याकाळी ओढ्याकाठच्या दरडीवर मला एक दिसली. मांजरापेक्षा मोठी, राखाडी अंग, गालावर पांढरा पट्टा, पुढचे-मागचे पाय नारिंगी-पिवळे, आणि लांब शेपटीवर गडद कडी. उभ्या कातळावर तिने तीन उड्या मारल्या. प्रत्येक उडीला शेपूट कमानीसारखी वर जायची, तोल सावरायची, आणि पाय जिथं टेकायचे ती जागा माझ्या तळहाताएवढीही नव्हती. मग ती थांबली आणि पुढच्या पंजांत एक काटकी धरून पानं खुडत बसली.

धारेवरची गाडी

अर्करूलाला येणारे बहुतेक जण येतात ते रिजटॉप सफरीसाठी. उघड्या टपाची लँड क्रूझर, बाकांवर पट्ट्यांनी बांधून घेतलेले प्रवासी, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, आणि त्याला चार-साडेचार तास. त्यावरून चढ-उतार कसे असतील ते समजावं. ही वाट प्रवाशांसाठी पाडलेली नाही. साठच्या दशकाच्या शेवटी युरेनियम शोधणाऱ्या कंपनीने ड्रिलची यंत्रं वर न्यायला बुलडोझरने ती कापली. शोध थांबला, वाट राहिली, आणि तीच वाट अभयारण्याच्या उत्पन्नाचा कणा झाली.

आमची चालक वस्तीवरच राहणारी तरुण मुलगी होती. तिने सुरुवातीलाच सांगितलं, “खाली बघू नका म्हणणार नाही मी. बघा. फक्त हात आत ठेवा.” पुढचा चढ असा होता की बॉनेटपलीकडे आभाळाखेरीज काही दिसेना. माथ्यावर गाडी टेकली, मग नाक खाली करून दुसऱ्या बाजूला उतरू लागली. दोन्ही बाजूंना दऱ्या. लाल, जांभळे, करडे कडे एकामागे एक. मध्येच एका धारेवर तिने गाडी थांबवली आणि समोरच्या उतारावरचा फिकट पट्टा दाखवला: “तो जुन्या ड्रिलिंगचा रस्ता. पन्नास वर्षं झाली. इथं झुडूप परत यायला एवढा वेळ लागतो.” मी विचारलं, मग या वाटेबद्दल काय वाटतं? ती म्हणाली, “नवी पाडायला कुणी सांगितलं तर मी नाही म्हणेन. आहे ती आम्ही नीट ठेवतो. ही बंद केली तर लोक दुसरीकडून चढतील.”

शेवटचा थांबा सिलर्स लुकआउट. सुळक्याच्या टोकावर गाडी वळवण्यापुरतीच जागा. पायाखाली युडनामुटाना घळ, समोर फ्रीलिंग हाइट्सचा कडा, आणि पूर्वेला डोंगर एकाएकी संपून मैदान. त्याच्या पलीकडे फ्रोम सरोवराची पांढरी रेघ. चालकाने गाडीच्या मागच्या फळीवर चहा मांडला, बरोबर खोबऱ्याचा कीस लावलेले लॅमिंग्टन केक. वारा एवढा होता की कप दोन्ही हातांनी धरावे लागले. भाचेजावई मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी तिला क्लच किती दिवस टिकतो, टायर कधी बदलता, असं सगळं विचारून घेतलं. ती उत्तरं ऐकून मला या राखणीचा खर्च पहिल्यांदा कळला. टायर, डिझेल, वीज, पाण्याच्या टाक्या, पगार सगळं या फेऱ्यांतून आणि खोल्यांच्या भाड्यातून निघतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो आणि येणारे थांबतात. एप्रिल ते ऑक्टोबर हेच कमाईचे महिने.

प्रेम पुरत नाही

चराईपट्टा असला तरी खनिजं सरकारची. त्यामुळे मालक कितीही राखो, सरकारने परवाना दिला की शोध घेणाऱ्याला आत येऊ द्यावं लागतं. जमीन आपली असली तरी तिच्या पोटात काय व्हावं हे ठरवणारे दुसरेच, हा अनुभव गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. २०००नंतर युरेनियमचे भाव वाढले आणि माउंट गीवर पुन्हा ड्रिल सुरू झाले. एका कंपनीकडे रीतसर परवाना होता. २००८च्या सुरुवातीला उघडकीला आलं की ड्रिलिंगमधून निघालेला, सौम्य किरणोत्सारी भुगाही असलेला कचरा तिने परवानगीशिवाय अभयारण्यातच पुरला होता. सरकारने काम थांबवलं आणि कंपनीला तो उकरून साफ करायला लावलं.

पण काही काळाने कंपनीला पुन्हा शोधाची मुभा मिळाली. २००९मध्ये सरकारने एक मसुदा काढला: काही पट्टे पूर्ण राखीव, काहींत अटींवर खाणकाम. वाचायला समतोल, पण ज्यांनी तो नकाशा घेऊन डोंगर पाहिले त्यांना त्यातली अडचण दिसली. ड्रिलचा रस्ता, पाणी, खनिजाची वाहतूक यांना नकाशावरच्या रेघा कळत नाहीत. विरोध वाढला. त्यात पर्यावरणवाले होते, अद्न्यामथना लोकांतले अनेक जण होते, राजकारणात एकमेकांच्या विरोधात बसणारे होते, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते भूवैज्ञानिकही होते. खडक वाचता येणाऱ्यांनीच सांगितलं की हे खडक जागेवर असलेले जास्त मोलाचे. जुलै २०११मध्ये सरकारने खाणकामाला कायमची बंदी जाहीर केली आणि २०१२मध्ये अर्करूला संरक्षण कायदा झाला. त्याने या क्षेत्रात खनिजांचा शोध आणि खाणकाम दोन्ही बंद केलं. ज्या कंपनीचा परवाना गेला तिला नुकसानभरपाई मिळाली.

स्प्रिग यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी हे झालं. तेवढ्या काळात कुटुंबाने पट्टा विकला असता, सफरींचं उत्पन्न आटलं असतं, एखादा मंत्री वेगळा असता, तर? चव्वेचाळीस वर्षं हा डोंगर फक्त काही माणसांच्या हट्टावर उभा होता. राखणीबद्दल मला इथं उमगलेली गोष्ट हीच: प्रेमाने ती सुरू होते, आणि कायदा होईपर्यंत तग धरणं हे त्या प्रेमाचं काम असतं.

पारालाना

परतीच्या आधी आम्ही पारालानाच्या उन्हाळ्यावर गेलो. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा उन्हेऱ्याला असतात तशी गरम पाण्याची ही कुंडं डोंगर आणि मैदान यांच्या सीमेवरच्या भूभ्रंशावर आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, ग्रॅनाइटच्या ऊबेने तापतं आणि इथं वर येतं. उगमाशी ते साठ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तळातून बुडबुड्यांच्या माळा सतत वर येत होत्या, आणि कडेच्या दगडांवर शेवाळाचा जाड हिरवा थर. त्या बुडबुड्यांत युरेनियमच्या विघटनातून निघणारा रेडॉन वायू असतो. १९२०च्या दशकात तब्येत सुधारायला लोक इथं येऊन राहत. आता जवळ रेंगाळू नका, मुक्काम तर नकोच, असं सांगितलं जातं. एवढ्या उष्णतेत आणि किरणोत्सारात सूक्ष्मजीव कसे तगतात, हे तपासायला शास्त्रज्ञ मात्र येत असतात.

झऱ्याच्या पूर्वेला मैदान सुरू होतं आणि तिथं युरेनियमच्या खाणी आहेत: आता थांबलेली बेव्हर्ली आणि चालू असलेली फोर माइल. खड्डा नाही, बोगदा नाही. विहिरींसारख्या नळ्यांतून आम्लयुक्त पाणी खालच्या वाळूच्या थरांत सोडतात, ते युरेनियम विरघळवून घेतं, दुसऱ्या नळ्यांनी ते पाणी वर खेचतात आणि युरेनियम वेगळं काढतात. त्या वाळूतलं युरेनियम आलं कुठून? याच डोंगरांतून. कोट्यवधी वर्षं पावसाने ग्रॅनाइट झिजवला आणि जुन्या नद्यांनी ते खाली वाहून नेलं. कायद्याची रेघ या दोहोंच्या मधून जाते. खाली खाण चालू आहे, तिच्यावरून अद्न्यामथना समाजात मतभेदही आहेत, आणि वर डोंगर राखलेला आहे. अणुवीज वापरणाऱ्या देशातून आलेली मी खालच्या खाणीकडे बोट दाखवून मोकळी होऊ शकत नाही. पण कुठे खणायचं नाही हे जागा पाहून, खडक ओळखून ठरवता येतं, हे मात्र मी तिथं उभं राहून पाहिलं.

आता पुढची खटपट चालली आहे ती जागतिक वारसा यादीची. फ्लिंडर्समधल्या इडियाकारा जीवाश्मांच्या आणि इतर भूवैज्ञानिक जागांची संभाव्य यादीत २०२१मध्ये नोंद झाली आणि अर्करूला त्या प्रस्तावात आहे. दरम्यान बकऱ्या शेजारच्या हद्दीतून येतच राहतात. त्यासाठी फ्लिंडर्समधली राष्ट्रीय उद्यानं आणि आसपासचे पट्टेदार यांना एकत्र घेऊन सरकारची बाउन्सबॅक नावाची मोहीम १९९२पासून चालू आहे: बकऱ्या कमी करणं, कोल्ह्यांसाठी विषारी आमिषं टाकणं, वॉलबींची नोंद ठेवणं. हे काम कधी संपणार, असं मी चालक मुलीला विचारलं होतं. “संपत नाही. एक वर्ष थांबलो तर परत पहिल्यापासून,” ती म्हणाली.

भाचीने परतीच्या वाटेवर ठरवलं की पुढच्या हिवाळ्यात ॲडलेडमधल्या मराठी कुटुंबांतल्या मोठ्या मुलांना इथं आणायचं. किती गाड्या फोर-व्हील आहेत, कुणाकडे तंबू आहेत, रिजटॉपच्या किती जागा आधी धरायच्या आणि मुलांना दगड खिशात घालू द्यायचे नाहीत हे त्यांच्या आयांना कोण सांगणार, याची यादी कॉपली येईपर्यंत चालली होती.